हॅरॉल्ड लारवूड

हॅरॉल्ड लारवूड (१४ नोव्हेंबर १९०४ – २२ जुलै १९९५) हे इंग्लंडचे जलदगती गोलंदाज होते. नॉटिंगहॅमशायर काउंटीकडून आणि १९२६ ते १९३३ या काळात इंग्लंडच्या कसोटी संघाकडून ते खेळले. दोन महायुद्धांमधील काळातील सर्वांत वेगवान गोलंदाज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात बॉडीलाइन या वादग्रस्त डावपेचाचे ते मुख्य अस्त्र होते. त्या मालिकेत ३३ बळी मिळवून इंग्लंडला ॲशेस परत मिळवून दिल्यानंतर वयाच्या २८ व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ती संपण्यास पायाची दुखापत काही अंशी कारणीभूत होती. परंतु मुख्य कारण त्यांनी नाकारलेली एक माफी हे होते.

बालपण आणि खाणीतील दिवस

लारवूड यांचा जन्म नॉटिंगहॅमशायरमधील कर्कबी-इन-ॲशफील्डजवळच्या नन्करगेट या कोळसा खाणकामगारांच्या वस्तीत झाला. वडील रॉबर्ट हे खाणकामगार, धर्माने मेथडिस्ट आणि शिस्तीचे कडक होते. गावच्या क्रिकेट संघाचा कारभारही ते पाहत. पाच मुलांपैकी हॅरॉल्ड चौथे. तेराव्या वर्षी शाळा सुटली. काही काळ खाणकामगारांच्या सहकारी दुकानात काम केल्यावर चौदाव्या वर्षी ते खाणीत उतरले. भुयारात कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या तट्टांना हाकणे हे त्यांचे काम होते. रुंद खांदे, लांब हात आणि मजबूत पाठ ही त्यांची शरीरयष्टी याच काळात घडली, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार मानतात. त्यात तथ्य असावे. मात्र त्याच खाणीत काम करणारी शेकडो मुले जलदगती गोलंदाज झाली नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते.

गावच्या संघातील त्यांची गोलंदाजी पाहून इंग्लंडचे माजी कसोटीपटू जो हार्डस्टाफ (थोरले) यांनी त्यांना काउंटीकडे चाचणीसाठी पाठवण्याचा आग्रह धरला. १९२३ मध्ये नॉटिंगहॅमशायरने त्यांना मैदानावरील पगारी खेळाडूंत घेतले आणि १९२४ मध्ये ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. १९२६ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच मालिकेतील ओव्हलच्या निर्णायक कसोटीत दुसऱ्या डावात त्यांनी ३४ धावांत ३ बळी घेतले आणि इंग्लंडने १४ वर्षांनी ॲशेस जिंकली. १९२७ मध्ये लोइस बर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच मुली झाल्या.

गोलंदाजीची शैली

जलदगती गोलंदाज म्हटला की उंचापुरा माणूस डोळ्यांसमोर येतो. लारवूड यांची उंची मात्र सुमारे ५ फूट ८ इंच, म्हणजे साधारण १७३ सेंटिमीटर होती. समकालीनांच्या वर्णनानुसार त्यांची धाव सुमारे १८ ते २० यार्डांची असे. ती संथ सुरू होऊन पावलागणिक वेग घेत जाई आणि चेंडू सोडण्याच्या क्षणी कमाल गतीला पोहोचे. ते इतके हलक्या पावलांनी धावत, की गोलंदाजीच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचांना मागून येणारा आवाज ऐकू येत नसे, असे त्या काळच्या अनेकांनी नोंदवले आहे. शेवटच्या पावलावर शरीर कुशीवर वळे, डावा हात उंच जाई आणि उजवा हात पूर्ण वर्तुळ फिरून जवळजवळ जमिनीपर्यंत खाली येई.

उंची कमी असल्याने त्यांचा चेंडू टप्पा पडल्यावर फार उंच उसळत नसे. तो घसरत, अंगाकडे झेपावत येई. उंच गोलंदाजाचा आखूड टप्प्याचा चेंडू डोक्यावरून जातो, तेथे लारवूड यांचा चेंडू बरगड्यांच्या किंवा गळ्याच्या उंचीवर येई. त्यामुळे वाकून तो सोडून देणे कठीण होते. त्यांची अचूकता हा दुसरा गुण. नुसत्या वेगाला चांगला फलंदाज सरावतो. ठरवलेल्या जागी, तोच टप्पा, षटकामागून षटक येत राहिला तर त्याला उसंत मिळत नाही. १९२७, १९२८, १९३१, १९३२ आणि १९३६ अशा पाच इंग्लिश हंगामांत गोलंदाजीच्या सरासरीत ते अव्वल राहिले. १९३२ च्या हंगामात त्यांनी १२.८६ च्या सरासरीने १६२ बळी घेतले होते.

वेग किती होता?

लारवूड यांच्या चेंडूचा वेग निरनिराळ्या ठिकाणी ताशी ९० ते १०० मैल, म्हणजे १४५ ते १६० किलोमीटर सांगितला जातो. या आकड्यांकडे सावधगिरीने पाहावे लागते. त्यांच्या काळात रडार नव्हते. सामन्यात प्रत्येक चेंडूचा वेग मोजण्याची पद्धत नियमितपणे रूढ झाली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. शिवाय वेग कोठे मोजला यावर आकडा अवलंबून असतो. रडार चेंडू हातातून सुटतानाचा वेग टिपते. हवेच्या विरोधाने आणि खेळपट्टीवर आपटल्याने चेंडू पुढे मंदावतो. म्हणून हातापासून यष्टीपर्यंतचे अंतर भागिले वेळ असा सरासरी वेग काढला, तर तोच चेंडू पुष्कळ हळू भरतो. जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना त्यामुळे फसवी ठरते.

मोजणीची साधने बदलली की एकाच गोलंदाजाचे आकडेही बदलतात, याचे चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियाचे जेफ थॉमसन. १९७५ मध्ये पर्थ येथे वेगवान कॅमेऱ्याने केलेल्या मोजणीत त्यांचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या किंचित वर आला. काही वर्षांनी पर्थलाच झालेल्या वेगाच्या स्पर्धेत तो सुमारे १४८ होता आणि तरीही ते पहिले आले. पाकिस्तानच्या शोएब अख्तर यांनी २००३ च्या विश्वचषकात केपटाउनला इंग्लंडविरुद्ध टाकलेला ताशी १६१.३ किलोमीटरचा चेंडू हा आजचा मान्य विक्रम आहे.

लारवूड यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. आज गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा काही भाग पॉपिंग क्रीजच्या मागे असावा लागतो. त्या काळी नो-बॉल मागच्या पायावरून ठरत असे. मागचा पाय यष्टींच्या रेषेमागे पडला की पुरे. पुढचा पाय पॉपिंग क्रीजच्या पुष्कळ पुढे गेला तरी चाले. म्हणजे चेंडू फलंदाजाच्या अधिक जवळून सुटे. दोन्ही पॉपिंग क्रीजमधील अंतर १७.६८ मीटर असते. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू मंदावलाच नाही असे धरले, तर हे अंतर तो सुमारे ०.४४ सेकंदात कापतो. तोच चेंडू एक मीटर पुढून सुटला तर हा अवधी ०.४१ सेकंदांच्या आसपास येतो. फरक दिसायला किरकोळ आहे. पण फलंदाजाला तो ताशी १५४ किलोमीटर वेगासारखा जाणवेल. तेव्हा लारवूड रडारवर आज किती भरले असते याचे उत्तर देता येत नसले, तरी शिरस्त्राण, छातीचे रक्षक कवच किंवा जाड हातमोजे नसलेल्या फलंदाजाला खेळण्यासाठी मिळणारा वेळ आजच्या अव्वल गोलंदाजांसमोर मिळतो त्याहून अधिक नव्हता, असे म्हणता येते.

ब्रॅडमन आणि बॉडीलाइनचा उगम

१९२८-२९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत लारवूड यांनी फलंदाजीत ७० धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात ३२ धावांत ६ बळी घेतले. इंग्लंडने हा सामना ६७५ धावांनी जिंकला. याच सामन्यात डॉन ब्रॅडमन यांनी पदार्पण केले आणि अपयश आल्याने पुढच्या कसोटीत ते वगळले गेले. दोन वर्षांत चित्र पालटले. १९३० च्या इंग्लंड दौऱ्यात ब्रॅडमन यांनी पाच कसोटींत १३९.१४ च्या सरासरीने ९७४ धावा केल्या. लारवूड यांना तीन कसोटींत मिळून केवळ ४ बळी मिळाले, तेही ७३ च्या सरासरीने. ओव्हलच्या अखेरच्या कसोटीत पावसानंतर खेळपट्टी उसळू लागली, तेव्हा अंगावर येणाऱ्या चेंडूंपुढे ब्रॅडमन थोडे अस्वस्थ दिसले, असे काहींना वाटले. त्यांनी त्या डावात २३२ धावा केल्या, हे मात्र विसरता कामा नये.

१९३२-३३ च्या दौऱ्यासाठी डग्लस जार्डिन यांची कर्णधारपदी निवड झाली. जार्डिन यांचा जन्म मुंबईचा. त्यांचे वडील तेथे वकिली करीत. ऑगस्ट १९३२ मध्ये लंडनच्या पिकॅडिली हॉटेलात जार्डिन, नॉटिंगहॅमशायरचे कर्णधार आर्थर कार, लारवूड आणि त्यांचे डावखुरे सहकारी बिल व्होस यांची भेट झाली. लेग स्टंपच्या रोखाने आखूड टप्प्याची वेगवान गोलंदाजी करायची आणि लेग साइडला फलंदाजाच्या जवळ झेल टिपणाऱ्यांचे कडे उभारायचे, ही योजना तेथे ठरली. फलंदाजासमोर तीन पर्याय राहत: अंगावर घ्यावे, बचाव करताना जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे झेल द्यावा किंवा हूक करून सीमेजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती सापडावे. लेग साइडला चेंडू टाकण्याची पद्धत नवी नव्हती. तिला धार आली ती लारवूड यांच्या वेगाने आणि अचूकतेने.

१९३२-३३ ची मालिका

सिडनीच्या पहिल्या कसोटीत ब्रॅडमन आजारपणामुळे खेळले नाहीत. लारवूड यांनी दोन्ही डावांत प्रत्येकी ५ बळी घेतले आणि स्टॅन मॅककेब यांच्या नाबाद १८७ धावांनंतरही इंग्लंड जिंकले. याच सामन्यात पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांनी इंग्लंडकडून पदार्पणात शतक केले. मात्र लेग साइडच्या कड्यात उभे राहण्यास त्यांनी नकार दिला आणि दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना संघातून वगळण्यात आले. मेलबर्नची दुसरी कसोटी ब्रॅडमन यांच्या नाबाद शतकाच्या बळावर ऑस्ट्रेलियाने जिंकली.

ॲडलेडच्या तिसऱ्या कसोटीत प्रकरण चिघळले. १४ जानेवारी १९३३ रोजी लारवूड यांचा चेंडू ऑस्ट्रेलियाचे कर्णधार बिल वुडफुल यांच्या छातीवर, हृदयाच्या जागी आदळला. त्या वेळी क्षेत्ररचना नेहमीचीच होती. परंतु वुडफुल सावरून पुन्हा उभे राहिल्यावर लारवूड यांच्या पुढच्या षटकासाठी क्षेत्ररक्षक लेग साइडला हलवले गेले आणि मैदानावरील सुमारे ५०,००० प्रेक्षकांचा संताप उसळला. नंतर इंग्लंड संघाचे व्यवस्थापक पेल्हम वॉर्नर विचारपूस करण्यास ऑस्ट्रेलियाच्या खोलीत गेले, तेव्हा मैदानावर दोन संघ असून त्यांतील एकच क्रिकेट खेळत आहे, अशा आशयाचे वुडफुल बोलले. हे बोलणे वृत्तपत्रांत फुटले. पुढे यष्टिरक्षक बर्ट ओल्डफील्ड यांनी लारवूड यांना हूक मारण्याचा प्रयत्न केला आणि चेंडू बॅटची कड घेऊन त्यांच्या डोक्याला लागला; कवटीला तडा गेला. त्या वेळीही क्षेत्ररचना बॉडीलाइनची नव्हती आणि चूक आपलीच होती, असे ओल्डफील्ड यांनी स्वतः सांगितले. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने तारेने निषेध नोंदवून इंग्लंडचा खेळ खिलाडूवृत्तीला सोडून असल्याचे म्हटले. मेरिलबोन क्रिकेट क्लबने (एमसीसी) त्यावर आपल्या कर्णधाराची बाजू घेतली. खेळाचे भांडण दोन देशांच्या सरकारांपर्यंत पोहोचले.

संघातील दुसरे जलदगती गोलंदाज गबी ॲलन यांनी अशा प्रकारे गोलंदाजी करण्यास साफ नकार दिला होता आणि तरीही ते पाचही कसोटी खेळले. ॲलन हौशी खेळाडू होते. लारवूड व्यावसायिक, म्हणजे पगारी होते. इंग्लिश क्रिकेटमध्ये या दोन वर्गांची कपडे बदलण्याची खोली वेगळी असे, धावफलकावर नाव लिहिण्याची रीतही वेगळी असे. हौशी खेळाडू कर्णधाराला नाही म्हणू शकत होता. खाणीतून आलेल्या पगारी गोलंदाजाला ते परवडणारे नव्हते. लारवूड यांना तो डावपेच पटत नव्हता, असा याचा अर्थ नाही. त्यांनी जार्डिन यांच्यावर अखेरपर्यंत निष्ठा ठेवली आणि आपली गोलंदाजी गैर होती असे कधीही मान्य केले नाही.

सिडनीच्या पाचव्या कसोटीत दिवसअखेरीस त्यांना बढती देऊन फलंदाजीस पाठवण्यात आले. दमलेल्या लारवूड यांना ते रुचले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी ९८ धावांपर्यंत मजल मारली. कच्चे क्षेत्ररक्षक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बर्ट आयर्नमाँगर यांनी त्यांचा झेल टिपला. परतताना, महिनाभर हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांनीच त्यांचे टाळ्यांनी स्वागत केले. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात गोलंदाजी करताना त्यांच्या डाव्या पायाचे हाड मोडले. षटक पुरे करण्यासाठी उरलेले चेंडू त्यांनी जागेवर उभे राहून टाकले आणि समोरच्या वुडफुल यांनी त्यावर धावा घेण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांना लंगडताना पाहून ब्रॅडमन यांना दिलासा मिळू नये, म्हणून जार्डिन यांनी त्यांना मैदान सोडू दिले नाही. हेडली व्हेरिटी यांनी ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवल्यावरच लारवूड बाहेर गेले. एकाच वेळी पॅव्हेलियनकडे चालत गेलेले हे दोघे वाटेत एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत, असे लारवूड यांनी पुढे सांगितले.

मालिका इंग्लंडने ४-१ अशी जिंकली. लारवूड यांचे ३३ बळी १९.५१ च्या सरासरीने आले. ब्रॅडमन यांना त्यांनी चार वेळा बाद केले. ब्रॅडमन यांची सरासरी ५६.५७ राहिली. इतर कोणत्याही फलंदाजासाठी ती उत्तम ठरली असती. जार्डिन यांनी कृतज्ञता म्हणून लारवूड यांना चांदीचे राखपात्र भेट दिले. इंग्रजीत राखेला ॲशेस म्हणतात, हा त्यातला श्लेष.

माफीस नकार

पायाच्या दुखापतीमुळे १९३३ च्या हंगामात लारवूड जवळजवळ गोलंदाजी करू शकले नाहीत. त्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी इंग्लंडमध्येच बॉडीलाइन वापरली. हा प्रकार प्रत्यक्ष पाहिल्यावर एमसीसीच्या धुरिणांचे मत बदलू लागले. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला येणार होता आणि दौरा सुरळीत पार पडणे आर्थिक व राजकीय दोन्ही दृष्टींनी आवश्यक होते. काउंटीचे आश्रयदाते सर ज्युलियन कान यांनी लारवूड यांना बोलावून आपल्या गोलंदाजीबद्दल एमसीसीकडे लेखी माफी मागावी, तरच पुन्हा निवडीचा विचार होईल, असे सांगितले. आपण कर्णधाराची आज्ञा पाळली, त्यामुळे माफी मागण्यासारखे काही नाही, अशी भूमिका घेऊन लारवूड यांनी नकार दिला. जून १९३४ मध्ये एका वृत्तपत्रातून त्यांनी आपण ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळणार नसल्याचे जाहीर केले. ते पुन्हा इंग्लंडकडून खेळले नाहीत. जार्डिन यांनीही त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळण्याचा आपला इरादा नसल्याचे कळवले. परंतु आदेश देणाऱ्याकडे लेखी माफी मागितली गेली नव्हती, हा भेद लारवूड यांच्या चाहत्यांना नेहमीच बोचत राहिला. व्होस यांनी मात्र नंतर मंडळींशी जुळवून घेतले आणि १९३६-३७ मध्ये ते ॲलन यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले.

धाव कमी करून, वेगाऐवजी टप्प्यावर भर देत लारवूड काउंटीसाठी १९३८ पर्यंत खेळले. २१ कसोटींत २८.३५ च्या सरासरीने ७८ बळी आणि ३६१ प्रथम श्रेणी सामन्यांत १७.५१ च्या सरासरीने १,४२७ बळी अशी त्यांची एकूण कामगिरी आहे. लेग साइडला पॉपिंग क्रीजच्या मागे दोनपेक्षा अधिक क्षेत्ररक्षक ठेवण्यास नियमाने मनाई झाली ती १९५७ मध्ये.

ऑस्ट्रेलियातील आयुष्य

दुसऱ्या महायुद्धानंतर लारवूड ब्लॅकपूल येथे मिठाई व गोळ्यांचे लहानसे दुकान चालवू लागले. दुकानावर त्यांनी आपले नावसुद्धा लावले नव्हते. बॉडीलाइन मालिकेत त्यांच्यासमोर सलामीला उभे राहिलेले आणि पुढे पत्रकार झालेले जॅक फिंगलटन १९४८ मध्ये त्यांना शोधत तेथे गेले. एमसीसीने १९४९ मध्ये काही निवृत्त व्यावसायिकांना सन्माननीय सदस्यत्व दिले, त्यांत लारवूड होते. १९५० मध्ये फिंगलटन यांच्या मदतीने ते पत्नी व मुलींसह ऑस्ट्रेलियाला स्थायिक होण्यासाठी निघाले. ज्या ओरॉन्टेस जहाजाने १९३२ मध्ये जार्डिन यांचा संघ गेला होता, तेच जहाज योगायोगाने त्यांना मिळाले. ज्या देशात त्यांच्या नावाने प्रेक्षक ओरडत होते, तेथे त्यांचे मनापासून स्वागत झाले. सिडनीच्या किंग्जफोर्ड भागात ते राहिले आणि शीतपेयांच्या एका कंपनीत नोकरी करून त्यांनी संसार चालवला. ओल्डफील्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली. ब्रॅडमन यांच्याशी संबंध मात्र औपचारिकच राहिले.

केविन पर्किन्स यांच्या सहकार्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७७ मध्ये मेलबर्न येथील शतकमहोत्सवी कसोटीला ते व्होस यांच्यासह उपस्थित होते. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर येणारे इंग्लंडचे खेळाडू त्यांच्या घरी जात. जार्डिन यांनी दिलेले राखपात्र ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी गेली. १९९३ मध्ये, जॉन मेजर पंतप्रधान असताना, ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई हा किताब दिला. शेवटच्या कसोटीनंतर साठ वर्षांनी मिळालेला हा त्यांच्या देशाचा पहिला राजसन्मान होता. २२ जुलै १९९५ रोजी सिडनी येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कर्कबी-इन-ॲशफील्ड येथे त्यांचा गोलंदाजी करतानाचा पुतळा उभारण्यात आला आहे.